हार्ड डिस्कची खांदेमळण

पहिल्याच ओळीत क्षमा मागणे शोभत नाही, याची मला जाणीव आहे. तरीही ती मागितल्यावाचून माझी लेखणी पुढे सरकणार नाही. माझी सारी नोकरी महाविद्यालयातल्या ग्रंथपालाची. इतरांनी लिहिलेली पुस्तके कपाटात नीट उभी करणे, त्यांच्या पाठीवर क्रमांक चिकटवणे आणि ती वेळेत परत आली नाहीत तर सौम्य शब्दांत आठवण देणे, एवढ्यावर माझा साहित्याशी संबंध संपतो. ज्या वयात जाणती माणसे लिहिणे आवरते घेतात, त्या वयात मी आरंभ करते आहे. तोही अशा गृहस्थांविषयी, ज्यांना हे कळले तर ते एवढेच विचारतील, "मॅडम, ताप-बिप हाय का?" आणि उत्तराची वाट न पाहता आपल्या पत्नीला, काकूंना, माझ्या कानाच्या मुळाशी हात लावून पाहायला सांगतील. जनावराची प्रकृती आधी कानाला कळते, असे ते म्हणत. आणि माणूस हे त्यांच्या लेखी जनावरच होते, फक्त जरा जास्त बडबडणारे.

ते माझे घरमालक. गेवराईला माझी बदली झाली तेव्हा त्यांच्या माडीवरची खोली मला मिळाली. पशुवैद्यकीय खात्यातून ते नुकतेच निवृत्त झाले होते, पण सारे गाव त्यांना अजून 'डॉक्टर'च म्हणे, म्हणून मीही तसेच म्हणेन. खोली पाहायला गेले, तेव्हा भाडे, पाणी, वीज यांपैकी कशाचाही उल्लेख न करता ते म्हणाले, "जरा त्या लिंबापतूर चालून दाखवा बरं."

मी संकोचाने अंगणातल्या लिंबापर्यंत गेले आणि परत आले. ते मान तिरपी करून माझ्या पायांकडे पाहत होते.

"डाव्या पायावर भार कमी देता. लहानपनी पडल्या व्हता?"

मी खरोखरच पडले होते. मी मान हलवली.

"मग जिना हळू चढत जा. खोली तुमची."

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, दात बघू नका म्हंजे झालं! मॅडम हायेत त्या, बाजारातली कालवड न्हाई."

डॉक्टरांकडे एक संगणक होता. तो त्यांनी गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेल्या मिस्त्रींकडून जुना घेतला होता. मिस्त्रींचा मूळ धंदा पाण्याच्या मोटारींच्या जळालेल्या तारा नव्याने गुंडाळण्याचा आणि बॅटऱ्या भरून देण्याचा. संगणक त्यांच्याकडे कोणा बँकेच्या भंगारातून आला असावा. डॉक्टरांनी मात्र तो घरी आणला तो थाटाने. बैठकीच्या खोलीत, पूर्वी जिथे औषधांचे कपाट असे, तिथे त्याची स्थापना झाली. खाली लाकडी फळी, कारण जमिनीत ओल असते आणि ओलीने खुरे सडतात. वर काकूंनी आरशांचे तुकडे लावून शिवलेली झूल. उन्हाळ्यात शेजारी खिडकीला ओले गोणपाट. पाहुणा आला आणि त्याने सहज त्या डब्यावर हात टेकला, तर डॉक्टर म्हणत, "पाठीवर हात टाकू नका. त्याला सवय न्हाई."

या संगणकात त्यांची साऱ्या नोकरीची कमाई होती. उपचार केलेल्या जनावरांची छायाचित्रे. उमापुरापासून पार गोदावरीच्या काठापर्यंतच्या गाई, म्हशी, बैल, शेळ्या; मालकाच्या नावाने, गावाच्या नावाने, जनावराच्या नावाने मांडून ठेवलेल्या. छायाचित्र काढताना त्यांचा एकच नियम असे. मालकाने चौकटीबाहेर उभे राहायचे. "तुमचं लगीन न्हाई लागत हितं. जनावराचा फोटो हाय," असे ते फेटा सरळ करून पुढे सरसावणाऱ्यांना सुनावत. त्यामुळे त्या सगळ्या संग्रहात माणूस म्हणून औषधालाही सापडत नव्हता.

आणि या संग्रहाच्या जिवाची त्यांना अहोरात्र काळजी. संगणकात हार्ड डिस्क नावाचा एक भाग असतो, सगळे त्याच्या पोटात साठते आणि तो भाग कधी ना कधी आजारी पडतो, हे मिस्त्रींनी विकतानाच सांगितले होते. दुसऱ्या कोणाला हे सांगितले असते, तर तो विसरला असता. डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी खुंटीवरचा स्टेथोस्कोप काढला.

हे मी स्वतः पाहिले नसते तर लिहिले नसते. ते संगणकापुढे पाट घेऊन बसत, नळ्या कानात घालत आणि दुसरे टोक डब्याच्या डाव्या कुशीला लावून डोळे मिटत. एकदा त्यांनी मलाही ऐकवले. आत एक अखंड बारीक घरघर होती आणि मधूनच 'टक्' असा आवाज.

"घरघर चांगली. रवंथ चालू हाय," डॉक्टर म्हणाले. "पन ते टक् हाय ना, ते बरं न्हाई. ते दातावर दात घासल्यावानी हाय. पोटात दुखाया लागलं की म्हस असंच करती."

मी भीत भीत विचारले की, मग या छायाचित्रांची दुसरी प्रत एखाद्या पेनड्राइव्हवर ठेवावी का? आमच्या ग्रंथालयात तशी पद्धत होती. त्यांनी माझ्याकडे दुःखाने पाहिले.

"मॅडम, ते बोटाएवढं. खिशातनं पडलं, धुण्यात गेलं, कुनी उचललं. दावं न्हाई, खुंटा न्हाई. त्याच्यावर माझ्या म्हशी सोडू?"

मला वाद घालता येत नाही. आणि दाव्याचा प्रश्न तर माझ्या ग्रंथालयशास्त्रात कुठेच नव्हता.

तपासणीचे त्यांचे दोन प्रकार होते. एक साधी, दर बाजारच्या दिवशी. संगणक सुरू होताना स्वतःच स्वतःची डिस्क तपासतो, कुठे चूक आहे, कोणती फाइल बिघडली आहे ते शोधतो आणि जमेल तेवढे दुरुस्त करतो. पडद्यावर टक्के वाढत जातात. डॉक्टर त्या वेळी हातावर हात ठेवून समोर बसत. मध्येच कोणी हाक मारली तर उत्तर मिळत नसे. बिघडलेल्या जागेला ते 'जखम' म्हणत. दुरुस्तीत कधी कधी एखादी फाइल वाचे, पण तिचे नाव हरवलेले असे. अशा बेवारशी फाइली यंत्र वेगळ्या कप्प्यात टाकी. त्या कप्प्याला डॉक्टरांनी 'कोंडवाडा' हे नाव दिले होते. मग दुपारभर ते कोंडवाड्यातल्या एकेक फाइल उघडून पाहत आणि ओळख पटली की नाव देऊन बाहेर काढत. न पटलेल्या तशाच आत. "बघू. मालक येईल कधीतरी," असे त्यांचे म्हणणे.

दुसरी तपासणी मोठी. ती वर्षातून एकदाच, पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी. त्या संध्याकाळी बैलांची खांदेमळण असते. वर्षभर जू ओढून काचलेले खांदे कोमट पाण्याने शेकतात, त्यांना हळद आणि लोणी चोळतात. डॉक्टरांच्या दारात बैल नव्हता. म्हणून संगणकाची खांदेमळण होई. आधी झूल उतरवायची, डबा उघडायचा, काकूंच्या जुन्या मऊ पातळाच्या तुकड्याने धूळ पुसायची. मग पूर्ण डिस्कची, तळापर्यंतची तपासणी लावायची. काकू डब्याच्या कोपऱ्याला हळदीचे बोट लावत आणि डॉक्टर अगदी गंभीर चेहऱ्याने, हात जोडून, बैलांना सांगायचे ते संगणकाला सांगत, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या."

पोळ्याच्या दिवशी संगणक बंद. एका वर्षी महाविद्यालयाचा एक तातडीचा तक्ता मला त्याच दिवशी पाठवायचा होता आणि गावातली दुकाने बंद होती. मी खाली येऊन विनंती केली.

"आज जू न्हाई," डॉक्टर म्हणाले.

"फक्त पाच मिनिटे..."

"बैलाला पाच मिन्टं जुपत्यात का पोळ्याला?"

काकूंनी मला पुरणपोळी वाढली आणि हळूच म्हणाल्या, "नका नादी लागू. माझ्या लग्नाच्या वाढदिवसाला सुट्टी न्हाई त्यांची. पन त्या डब्याला हाय."

यावरून कोणी असे समजू नये की, डॉक्टरांचे निदान नेहमी बरोबर येई. आमच्या ग्रंथालयाचा संगणक एकदा सुरूच होईना. मी घरी बोलून गेले आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर स्टेथोस्कोपसह ग्रंथालयात हजर. वाचनकक्षातली मुले उठून उभी राहिली. डॉक्टरांनी डब्याला कान लावला, पाठ थोपटली, मला दोन पावले मागे सरकायला सांगितले आणि जाहीर केले, "हालचालच न्हाई. डिस्क बसली. जड मामला हाय." प्राचार्यांनी चिंतेने कपाळाला हात लावला. नव्या यंत्राचा प्रस्ताव तयार करायला मी कागद घेतला. तेवढ्यात डॉक्टरांनी खबरदारी म्हणून बोलावलेले मिस्त्री आले. त्यांनी सगळ्यांकडे पाहिले, खाली वाकून भिंतीतला प्लग अंगठ्याने आत दाबला आणि यंत्र सुरू झाले.

"डॉक्टरसाब," मिस्त्री हात झटकत म्हणाले, "भूका था बिचारा. खानाच नै दिये इन्को."

डॉक्टर जराही ओशाळले नाहीत. "उपाशी जनावराचं बी असंच आसतंय," ते मला म्हणाले. "निम्मं निदान बरोबर व्हतं."

मिस्त्री आणि डॉक्टर यांचे रोजचे भांडण हा आमच्या गल्लीचा विरंगुळा होता. मिस्त्री येता-जाता दारातून ओरडत, "डॉक्टरसाब, कित्ते बार बोला मैं, नवी डिस्क डाल लेव. तुमे सुनतेच नै!"

"बाप म्हातारा झाला म्हनून बदलतो का बे तू?"

"बाप बदलने का दुकान किदर है बोलो. आब्बीच जाता!"

आणि दोघेही आपापल्या कामाला लागत.

आता ज्या सकाळसाठी हे सारे लिहायला घेतले, तिच्याकडे वळते.

सुटीचा दिवस होता. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. खाली अंगणात एक म्हैस आली. तिच्या एका बाजूला चाळिशीचा एक शांत, घामाघूम गृहस्थ दावे धरून चालत होता आणि दुसऱ्या बाजूला एक म्हातारी तिच्या पाठीवर हात टाकून, जणू तिच्याच आधाराने, येत होती. म्हशीच्या कपाळावर पांढरा ठिपका होता. एक कान खालून फाटलेला. ओळखीचा बिल्ला त्या कानात असायला हवा होता, तो कोणीतरी ओरबाडून काढलेला.

"डॉक्टर!" म्हातारी दारातूनच म्हणाली, "माझी टिकली घावली!"

हकीकत अशी. म्हातारी मेंढरे-म्हशी राखणाऱ्या घरातली. तिची टिकली नावाची म्हैस दोन पोळ्यांआधी रानातून नाहीशी झाली होती. तेव्हापासून तिने त्या खुंट्याला दुसरे जनावर बांधू दिले नव्हते. सुनेने आणलेली शेळीसुद्धा तिने पलीकडे बांधायला लावली होती. मधल्या काळात तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. परवा ती लेकीकडे चालली असताना एका वस्तीवर पाणी प्यायला थांबली, गोठ्यातून म्हैस हंबरली, हिने सवयीने हाक मारली आणि ती म्हैस दावे ताणून हिच्याकडे आली. हिने कपाळ चाचपले. पांढरा ठिपका जवळून अंधुक दिसला. तिथेच तिने म्हशीच्या गळ्याला मिठी मारली ती सोडेना.

"मी आठवडी बाजारात घेतलीय, डॉक्टर," तो गृहस्थ म्हणाला. त्याचा आवाज खाली होता. "चोरीची हाय का न्हाई, द्येव जाने. कान बघून मलाबी शंका आलती. घरात तेवढीच दुभती हाय. पन ही माय म्हनती, तुमच्या मशिनीत तिच्या म्हशीचा फोटो हाय. त्यो आन ही एक निघाली, तर दावं हिच्या हातात देतो. एक शबूद बोलनार न्हाई. आन फोटो न्हाईच उघडला, तरी हिला रडवून म्हस माघारी न्हेनार न्हाई."

"फोटो कशाला पाह्यजे?" म्हातारी म्हणाली. "हाकंला आली की."

"माय, तुमच्याकडची हाक आन आमच्याकडची हाक एकच हाय."

डॉक्टरांनी म्हशीकडे पाहिले आणि मान हलवली. "मला जनावर ध्यानात ऱ्हात न्हाई, आजार ऱ्हातो. टिकलीची पोटफुगी मला आठवती. तोंड न्हाई आठवत. थांबा, काढतो."

ते आत गेले, झूल उतरवली, संगणक लावला. मी खाली आले होते. डॉक्टर म्हातारीच्या गावाचा कप्पा उघडायला गेले, तर पडद्यावर सूचना उमटली की तो वाचता येत नाही, बिघडला आहे. डॉक्टरांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. त्यांनी स्टेथोस्कोप लावला. माझ्यापर्यंतही ऐकू आले, टक्, टक्, टक्.

"मोठी तपासनी लागंल," ते म्हणाले. "तळापतूर."

"किती वेळ?" त्या गृहस्थाने विचारले.

"जखम किती खोल हाय त्याच्यावर हाय."

अंगणात म्हैस लिंबाला बांधली. काकूंनी चहा ठेवला. डॉक्टर दर थोड्या वेळाने म्हशीला पाणी पाजायला उठत, म्हणून संगणकापुढे बसून टक्के सांगण्याचे काम माझ्याकडे आले. वाचनकक्षात मुलांना 'शांत बसा' म्हणायलाही मला कधी धीर झाला नाही. मी हळूच म्हणाले, "सात टक्के."

"ऐकू येईना, मॅडम!" अंगणातून काकू.

"सात!"

"आजून सातच?" शेजारच्या ओट्यावरून कोणी तरी म्हणाले. एव्हाना गल्लीतली माणसे जमली होती. एकाने तर बाहेरून विचारले, "रन किती झाले?"

म्हातारी मात्र माझ्या प्रत्येक आकड्यावर म्हशीला थोपटी. "आली, आली हं बये. येतीया बाहीर." तिच्या मनात टिकली दोन ठिकाणी होती, एक हाताखाली आणि एक यंत्राच्या पोटात, आणि त्यात तिला काही विपरीत वाटत नव्हते.

अर्ध्याच्या पुढे गेल्यावर वीज गेली. इन्व्हर्टरने कण्हत सूत्रे हाती घेतली; पण त्याची बॅटरी म्हातारी होती, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होते. तपासणीत मध्येच यंत्र बंद पडले, तर होते तेही जाण्याची भीती. काकूंनी पंखे बंद केले. डॉक्टर पहिल्यांदाच धावले. "मिस्त्री! अरे मिस्त्री!"

मिस्त्री ट्रॅक्टरची बॅटरी छातीशी कवटाळून आले. खाली बसून त्यांनी इन्व्हर्टरच्या तारा तिला जोडल्या. डॉक्टर त्यांच्या डोक्यावर हाताने वारा घालत होते.

"हटो डॉक्टरसाब, बाळंतपन है क्या? तुमे भाईर बैठो."

यंत्र चालू राहिले. मी ओरडत राहिले. माझ्या आयुष्यात मी इतके आकडे इतक्या मोठ्या आवाजात कधी उच्चारले नव्हते. शेवटी पडदा क्षणभर काळा झाला आणि मग नेहमीसारखा उजळला. डॉक्टर आत आले. अंगणातली माणसे दुसऱ्या चहाच्या कपांमध्ये गुंतली होती. खोलीत आम्ही दोघेच.

कप्पा उघडला. फाइल होती. तिचे नावही शाबूत होते. म्हातारीचे, गावाचे आणि टिकलीचे. डॉक्टरांनी ती उघडली आणि पडद्यावर एक म्हैस अवतरली. कपाळावर पांढरा ठिपका, शिंगे मागे वळलेली, चेहऱ्यावर पोटफुगीनंतरचे वैतागलेले भाव. मला ती अंगणातल्या म्हशीसारखीच दिसली. खरे सांगायचे तर मला सगळ्याच म्हशी तशा दिसतात.

डॉक्टरांनी चित्र मोठे केले, आणखी मोठे केले. ठिपक्याच्या खाली केसांचे दोन भोवरे होते, शेजारी शेजारी. ते उठले, बाहेर गेले, म्हशीच्या कपाळावरून अंगठा फिरवला. म्हातारी म्हणाली, "बघा, कशी हुबी ऱ्हायली तुमच्यापुढं." ते परत आले आणि खुर्चीत बसले.

"हिला एकच भोवरा हाय," ते मला म्हणाले. "भोवरा बदलत न्हाई. मरेपतूर न्हाई."

मी अंगणाकडे पाहिले. म्हातारीने पदराने म्हशीच्या डोळ्यांतली चिपडे पुसायला घेतली होती. दावे धरणारा गृहस्थ चहाचा कप तसाच हातात ठेवून दाराकडे पाहत उभा होता.

डॉक्टरांचा हात माउसवर होता. त्यांनी चित्र बंद केले, पुन्हा उघडले, पुन्हा बंद केले. टिकलीच्या फाइलीवर पडद्यावरचा बाण येऊन थांबला. मला कळत होते की, ती पुसायला एक बोट पुरेसे आहे. ज्या माणसाने नाव हरवलेल्या फाइलीसुद्धा कोंडवाड्यात सांभाळल्या, तो माणूस मला दबक्या आवाजात विचारत होता,

"मॅडम, उघडली न्हाई म्हनलं, तर कोन विचारनार हाय?"

तेवढ्यात मिस्त्रींनी दारातून डोके आत घातले.

"खुली क्या?"

डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा पडद्याकडे.

"खुली," ते म्हणाले.

मग त्यांनी दोघांनाही आत बोलावले. म्हातारीला खुर्चीवर बसवले, चित्र पडदाभर मोठे केले. तिने नाक जवळजवळ काचेला लावले. सुरुवातीला तिला काहीच उमगले नाही. मग तिचा चेहरा हळूहळू बदलला.

"अगं टिके," ती म्हणाली, "ह्याच्यात काहून बसलीस?" तिने काचेवरून बोट फिरवले, कपाळाच्या ठिपक्यावरून खाली, दोन्ही भोवऱ्यांवरून. बोट तिथेच थांबले. "हे बघ की. दोन सूर्व्यं म्हनायचो आमी हिला. लई देखनी."

मागे उभा असलेला गृहस्थही पडदा पाहत होता. त्याला म्हशी कळत होत्या. त्याने खाली मान घातली. त्याच्या चेहऱ्यावर सुटका होती आणि ती दिसू नये अशी त्याची धडपडही.

"आजी," डॉक्टर म्हणाले, "दारातलीला एकच भोवरा हाय."

म्हातारी पडद्याकडेच पाहत होती. "मंग दारातली?"

"ती ह्यांची."

लिंबाखाली म्हशीने शेपटी आपटली.

"डॉक्टर," म्हातारी म्हणाली. आवाजात राग नव्हता. तिला खरेच समजून घ्यायचे होते. "काहून उघडलं ओ तुमी हे?"

"तुमची हाय का न्हाई, ते कळाया पाह्यजे ना आजी."

"मला म्हाईत व्हतं की, माझीच हाय म्हनून."

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप उचलून खुंटीला अडकवला. तो गृहस्थ पुढे झाला, घसा खाकरला. "माय, ही गाभन हाय. वगार झाली तर तुला आनून देतो. तुझ्या खुंट्याला बांध."

"मला वगार नगं, बाबा. मला माझी पाह्यजे."

काकूंनी तिचा हात धरून तिला उठवले. डॉक्टर घाईघाईने म्हणाले की, ते या चित्राची मोठी छापील प्रत काढून देतील, काच लावून, चौकट करून.

"कागद काय दावनीला बांधू?" म्हातारी म्हणाली.

अंगणात आल्यावर ती म्हशीजवळ थांबली. तिने तोंडाने ती नेहमीची हाक घातली, आणि म्हैस, एका भोवऱ्याची, परक्या घरची म्हैस, दावे ताणून तिच्याकडे आली. म्हातारीने तिचा फाटका कान दोन बोटांत धरला, सोडला आणि ती फाटकाबाहेर पडली. मिस्त्रींनी दुकान शेजाऱ्यावर सोपवले आणि तिला आपल्या दुचाकीवर बसवून गावी सोडून आले. त्या दिवशी त्यांनी डॉक्टरांची एकही थट्टा केली नाही.

तो गृहस्थ जाताना डॉक्टरांच्या पायांना हात लावायला वाकला. डॉक्टर मागे सरकले. "मला काय करतोस? घरी जा. पोटातल्याला जप."

पुढे महिनोन्महिने सकाळच्या चहाला डॉक्टर मध्येच कप खाली ठेवत आणि मला विचारत, "मॅडम, उघडली न्हाई म्हनलो असतो तर?" मी त्यांच्या कपात चहा ओतत असे. "तुमी येवढी पुस्तकं वाचली. कुठं तरी लिवलं आसंल की." मी खरेच शोधले. नीतीवरची, न्यायावरची पुस्तके कपाटातून काढून चाळली आणि परत जागेवर ठेवली. म्हशी ठेवणाऱ्याच्या घरातली एकुलती दुभती म्हैस आणि दोन वर्षे रिकामा ठेवलेला खुंटा, या दोहोंविषयी एकत्र कोणी लिहिलेले मला आढळले नाही. काकूंचे मत ठाम होते. "खरं ते खरं," त्या म्हणत. मिस्त्रींचेही ठाम होते, आणि ते नेमके उलटे होते. "दो म्हस का हिसाब भगवान कर लेता, डॉक्टरसाब. तुमे कायकू बीच में पडे?" डॉक्टर दोघांचेही ऐकत आणि कोणालाही होकार देत नसत.

निवृत्त होऊन मी गेवराई सोडली. परवा फोनवर डॉक्टरांनी काकूंच्या गुडघ्याचे सांगितले, मिस्त्रींनी शेवटी नवी डिस्क बसवून दिल्याचे सांगितले आणि बोलणे संपता संपता तोच प्रश्न पुन्हा विचारला. मी याही वेळी उत्तर दिले नाही. माझ्यात ते धैर्य नाही, म्हणून तो प्रश्न मी तुमच्यापुढे ठेवते आहे. वाचकहो, त्या खुर्चीत तुम्ही बसला असता आणि मिस्त्रींनी दारातून "खुली क्या?" असे विचारले असते, तर तुम्ही काय सांगितले असते?